आजोबांना पाणी दिलं तर किती स्टार?

कॅशियर_कराड (गुरुवार, रात्री १०:५०)

नमस्कार. पोरं झोपली म्हणून लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मुलगी सव्वापाच वर्षांची, मोठ्या गटात. मुलगा अडीच वर्षांचा. घरात सासू-सासरे आहेत. मिस्टर कोल्हापूरला नोकरीला, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने जातात. सकाळी सहा ते नऊ हा सगळा तमाशा माझ्या एकटीच्या वाट्याला.

मे महिन्यात एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या भिंतीवर स्टारचा तक्ता होता आणि तिचा मुलगा मुकाट्याने दात घासत होता. मला हेवाच वाटला. आमच्याकडे दात घासायचे म्हणजे शेजारच्या वहिनी खिडकीतून डोकावतात, काय झालं म्हणून. तर शाळा सुरू व्हायच्या आधी मीही तक्ता केला. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा मारल्या. हात लेजरवर बसलेला, त्यामुळे झकास झाला: तारीख, तपशील, जमा, शिल्लक. ('नावे' रकाना, म्हणजे खात्यातून कापलेल्याचा, तेव्हा नव्हता. तो नंतर आला, आणि घोळही तिथेच झाला.)

दर असा ठरला. न रडता दात घासले, एक. दप्तर, डबा, बाटली जागेवर ठेवली, एक. ताटातली भाजी संपवली, एक. भावाला दिवसभर मारलं नाही, दोन. वीस झाले की रविवारी सगळे प्रीतिसंगमावर, बागेत खेळायचं आणि येताना भेळ.

पहिले दोन आठवडे काय सांगू! सातला पोरगी तयार. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "तुझं कागदाचं खूळ चाललं की गं."

तिसऱ्या आठवड्यात तिने बाजार मांडला. "आज कारलं आहे, कारल्याला दोन." धाकट्यावर हात उगारायचा, माझ्याकडे बघायचं, हात खाली घ्यायचा आणि म्हणायचं, "बघ, मारलं नाही. दोन." कितीदा तरी. पहिल्यांदा मला हसू आलं आणि मी दिले. ती माझी चूक.

मग एक दिवस तिने खरंच धाकट्याच्या दंडाला चावा घेतला, दातांचे वण उठले. मी रागाने 'नावे' रकाना आखला आणि पाच कापले. तिने बोटाने शिल्लक मोजली. अकराचे सहा. खुर्ची ओढली, वर चढली आणि उरलेले सगळे नखाने ओरबाडून काढून माझ्या हातात दिले. "घे तुझे." दुसऱ्या दिवशी दात नाहीत, दप्तर नाही, काहीच नाही. शिल्लकच शून्य, तर आता कापणार काय? मी पुन्हा नव्याने खातं उघडून दिलं. आता चौतीस जमा आहेत, कारण मधल्या एका रविवारी पाऊस होता आणि एका रविवारी सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं.

लिहायला बसले ते खरं तर पुढच्या गोष्टीसाठी. सासऱ्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत. काळा गॉगल लावून सोप्यात बसून असतात. आज संध्याकाळी म्हणाले, "बाळ, जरा पाणी दे गं." पूर्वी या वाक्याला ती धावत सुटायची. तांब्या दोन्ही हातांत, अर्धं पाणी वाटेत. आज स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते, "किती स्टार?"

ते हसले. "तू म्हणशील तेवढे." पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण स्टार मी देते. मी भाकरीला पाणी लावत होते, मला पटकन काही सुचेना. तोवर बाबाच उठले आणि भिंतीला हात लावत लावत माठाकडे गेले.

तर प्रश्न असा. तक्ता बंद करू का? केला तर चौतीस स्टारचं काय? आणि दातांचं काय? त्या खिडकीतल्या वहिनी परत याव्यात अशी माझी अजिबात इच्छा नाही.

रामभाऊ_नाना (११:२०)

आमच्या वेळी मार चुकला हेच बक्षीस होतं. एक धपाटा घाला, स्टार-बिर काही लागत नाही. पोरांना डोक्यावर बसवलंय तुम्ही लोकांनी.

कॅशियर_कराड (११:२६)

नाना, धपाटा घालून झालाय. चावा घेतला त्याच दिवशी, स्टार कापायच्या आधी. उपयोग एवढाच झाला की रात्री तिने तसाच धपाटा बाहुलीला घातला.

कोसबाडची_बाई (शुक्रवार, सकाळी ६:१५)

अगं, पोरगी बिघडलेली नाही. तू प्रत्येक गोष्टीला भाव लावलास, तिने भाव विचारला. हुशार आहे.

मी बालवाडी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. ऐंशीच्या दशकात कोसबाडला शिकले. ताराबाई मोडक तेव्हा नव्हत्या, अनुताई वाघ होत्या. या दोघींनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाई हे शिकल्या भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. त्या परंपरेत शिक्षा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. बक्षीसही नाही, हे लोक विसरतात.

का नाही, ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं. मी नवी असताना पाड्यावरच्या बालवाडीत पोरं खाऊच्या वेळी गलका करायची. मी एक दिवस म्हटलं, "जो हाताची घडी घालून बसेल त्याला पहिला खाऊ." लगेच सगळी गप्प. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर एक चार वर्षांची मुलगी भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसलेली. नऊ वाजलेले, खाऊ दहाला. तिला मातीत खेळायची फार हौस. मी ओल्या मातीचा गोळा तिच्यापुढे ठेवला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि घडी आणखी घट्ट केली. तासभर बसली होती तशी! मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "खाऊ भुकेचा असतो. तो बसण्याचा करू नकोस."

गिजुभाईंनी ज्यांच्यापासून प्रेरणा घेतली त्या इटलीच्या मॉन्टेसोरीबाईंनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली पहिलं बालगृह काढलं, तिथलाही एक किस्सा आमच्या वर्गात सांगत. एका मुलाला शाबासकीचा चांदीचा क्रॉस मिळालेला. तो आपल्या कामात इकडून तिकडे जात होता, क्रॉस खाली पडला. शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलेल्या पोराने तो उचलला आणि विचारलं, "तुझं पडलं, तुला नको?" तो म्हणाला, "मला काही नाही त्याचं." "मग मी लावू?" "लाव की." आणि गेला आपल्या कामाला. आम्ही खूप हसायचो यावर.

आता तुझं. खातं बंद कर, पण बुडवून नको. चौतीस तिच्या कष्टाचे आहेत. उद्या तुझी पतसंस्था म्हणाली की ठेवी परत मिळणार नाहीत, तर? भेळ खायला ने, आणि तक्ता भिंतीवरून तिच्याच हाताने काढू दे.

आणि बाबांना सांग, पाणी दिल्यावर "शाबास, शहाणी माझी ती" असलं काही म्हणू नका. घसा कोरडा पडला होता, आता बरं वाटलं, एवढंच सांगा. पाण्याने काय झालं ते तिला कळू दे. ती शहाणी की वेडी, तो विषय तिथे नाहीच.

मेंदूचा_भुगा (सकाळी ९:४०)

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे तासाला बसल्यासारखं वाटलं तर माफ करा.

बाईंनी मातीचा गोळा सांगितला, त्याचंच जुळं भावंड शोभेल अशी गोष्ट प्रयोगात सापडलेली आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली, मुळातच रंगीत मार्करने चित्रं काढायला आवडणारी. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते मार्कर ठेवले, बक्षिसाचं नावही नाही. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती.

तुमच्या पाण्याच्या तांब्याला तर याहून जवळचा प्रयोग आहे. २००८, जर्मनीतलं लाइपझिग, वॉर्नेकेन आणि टोमासेलो. मुलं वीस महिन्यांची, म्हणजे तुमच्या धाकट्याहून लहान. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडते, त्याचा हात पोचत नाही, आणि ही चिमुरडी उठून आणून देतात. कोणी न सांगता! मग काहींना दर मदतीला खेळणं दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत खेळणं मिळालेल्यांची मदत कमी झाली. कौतुकवाल्यांची झाली नाही, म्हणून बाबांनी चुकून "शाबास" म्हटलं तर फार मनावर घेऊ नका.

पण बाईंशी मी पूर्ण सहमत नाही. दोन्ही प्रयोगांत जे काम मुलं आपणहून करत होती त्यालाच बक्षीस लावलं होतं. दात घासण्यात मुळात कसली गोडी? नाहीच, तर मारायची काय? तुमचा तक्ता ज्या घराण्यातला आहे ती पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयात आयलॉन आणि ॲझ्रिन यांनी वापरली. वर्षानुवर्षं पडून असलेले रुग्ण टोकन मिळतं म्हणून स्वतःचं आवरू लागले, कामं करू लागले. कंटाळवाण्या, सवयीच्या कामाला ढकलगाडी म्हणून ती चालते. एक काम घ्यायचं, थोडे दिवस चालवायचं, गाडी सुरू झाली की ढकलणारा बाजूला.

तुम्ही चार गोष्टी एकाच दराने एकाच खात्यात टाकल्यात. दात ही सवय. भाजी ही भूक. दप्तर ही शिस्त. आणि भावाला न मारणं? "न करण्या"ला पैसे दिले की ते मोजायला आधी करण्याची तयारी दाखवावी लागते, म्हणून हात उगारला जातो. एखाद्या गुंडाला हप्ता दिल्यासारखं झालं ते.

कोसबाडची_बाई (१०:०५)

हप्त्याचं पटलं. दातांचं नाही. दातांत गोडी नाही कशी? पाण्याशी खेळणं आहे की त्यात. आपण घाई करतो म्हणून ते रडं होतं.

मेंदूचा_भुगा (१०:१२)

बाई, सव्वासातला शाळेची रिक्षा दारात उभी असते.

दोघांचा_बाप (दुपारी १:३०)

चिंचवडहून लिहितोय. आमच्याकडे स्टारने काम झालंय, म्हणून साक्ष देतो. मुलगा साडेतीनचा होता, शी चड्डीतच. फक्त त्या एका गोष्टीला तक्ता, बाथरूमच्या दारामागे. स्टार चिकटवणं हेच बक्षीस, वर आणखी काही नाही. अडीच आठवड्यांत जमलं. तक्ता कधी बंद झाला तेही आठवत नाही, दारावर अर्धवट तसाच होता, दिवाळीच्या साफसफाईत निघाला.

जे फसलं तेही सांगतो. मोठीला "जेवण संपवलंस तर दहा मिनिटं मोबाईल". मोबाईलची किंमत आम्हीच वाढवली आणि जेवणाची उतरवली. पोरगी घास न चावता गिळायची, नजर फोनवर. ते सोडवायला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत मी स्वतः जेवताना किती फोन बघतो ते कळलं, तो वेगळा विषय.

ताई, सासूबाई खाऊ देतात का कशाला? आमच्याकडे खरी बँक आजीच होती.

कॅशियर_कराड (रात्री १०:३०)

दादा, नेमकं बोट ठेवलंत. "आमच्या वक्ताला असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्या सासूबाईंच्या कनवटीला खडीसाखर असते. "दूध पी, मग खडा." माझा तक्ता भिंतीवर दिसतो म्हणून बोलणी मला, त्यांचं सगळं रोखीत. हे त्यांना सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते.

बाई, खातं बंद करते. सर, दातांचं तेवढं वेगळं ठेवते, तुमच्या नावावर. काय होतं ते सांगेन.

कॅशियर_कराड (पाच आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:००)

सांगायचं राहून गेलं, मार्च एंड नसतानाही ऑडिट लागलं होतं.

रविवारी हिशोब केला. चौतीस मोजले, तिने दोनदा मोजायला लावले. प्रीतिसंगमावर गेलो, मिस्टर पण होते. नदीला पाणी भरपूर होतं, खाली उतरू देत नव्हते, बागेतच खेळली. वीसची भेळ झाली, वरच्या चौदांचं काय म्हणून विचारलं. मी म्हटलं तू सांग. तिने भावासाठी फुगा मागितला आणि स्वतःसाठी आणखी एक भेळ, जी तिने अर्धी टाकली. घरी आल्यावर तक्ता काढ म्हटलं तर नाही म्हणाली. दोन दिवस भिंतीवर होता. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर काढून त्याची होडी केलेली.

पहिला आठवडा वाईट गेला, खोटं बोलत नाही. दप्तर सोप्याच्या मधोमध. कारल्याला हात नाही. दातांसाठी आरशावर छोटा कागद लावला, सकाळ-रात्र एक-एक स्टार, बदल्यात काही नाही, तिनेच चिकटवायचा. पंधरा-सोळा दिवस चालला, मग पावसात वीज गेली त्या रात्री अंधारात राहिला, सकाळी तिने मागितला नाही, मीही आठवण केली नाही. बाई, तुमचंही थोडं ऐकलं. गजर दहा मिनिटं आधी लावते आणि तिला मोरीत पाण्याशी खेळू देते. वहिनी दोनदाच डोकावल्या.

भावाला मारते अजून. पूर्वी मारायची तेवढंच. पण हात उगारून माझ्याकडे बघणं बंद झालंय, मारायचं तर सरळ मारते. सर, ही सुधारणा म्हणायची का, तुम्हीच सांगा.

पाण्याचं सांगते. "किती स्टार?" नंतर तिने दोनदा विचारलं. बाबा म्हणाले, "दुकान बंद झालंय, पण तहान लागलीय." दोन्ही वेळा ती गेली नाही. मला आतून फार लागलं, पण गप्प बसले. तिसऱ्या वेळी धाकटा उठला. त्याला माठाचा नळ उंच पडतो, त्याने खालच्या बादलीतलं, हातपाय धुवायचं पाणी पेल्यात घेतलं आणि निघाला सांडत. तेव्हा ही धावली. "अरे, ते प्यायचं नाही!" त्याच्या हातातून पेला घेतला, ओतला, विसळला, माठातून भरला. मग काय वाटलं कोण जाणे, पेला त्याच्याच हातात दिला आणि खालून स्वतः धरला. दोघं मिळून पाच पावलं चालायला दोन मिनिटं लागली. बाबांच्या धोतरावर बरंच सांडलं. ते म्हणाले, "घसा अगदी सुकला होता बघ." मी सांगितलं होतं तसंच्या तसं, पाठ केल्यासारखं, मला हसू येत होतं.

स्टारचं अर्धं पाकीट उरलं होतं, ते तिला खेळायला देऊन टाकलं. कपाटाला, धाकट्याच्या कपाळाला, मांजराला लावायचा प्रयत्न, सगळं झालं. काल बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि परत आले तेव्हा मी बघितलं, काळ्या गॉगलच्या कडेला एक सोनेरी स्टार. भर बाजारातून तसेच जाऊन आले होते. मी तिला विचारलं, हा कशाचा?

"कशाचा नाही. उरला होता."